कात ओढू नका, सुटू द्या

साप कात टाकतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. शेताच्या बांधावर किंवा दगडांच्या फटीत अडकलेली ती पांढुरकी, पातळ कात तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलीही असेल. सरडेही कात टाकतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. कारण त्यांची कात सापासारखी सबंध निघत नाही; ती तुकड्यातुकड्यांनी सुटते.

घोयरा सरडा, म्हणजेच शॅमेलिऑन, घरी पाळण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात बराच पसरला आहे. तिकडे पुष्कळदा पाळला जातो तो येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन. परदेशात राहणाऱ्या तुमच्या एखाद्या मावसभावाकडेही तो असेल. अशा मुलाला पहिला धक्का बसतो तो पिल्लू कात टाकू लागते तेव्हा. कालपर्यंत हिरवेगार असलेले पिल्लू एकाएकी राखाडी, मळकट दिसू लागते. ते खाणे कमी करते आणि फांदीला अंग घासत बसते. मग अंगावर कागदाचे कपटे चिकटल्यासारखे पांढरे तुकडे लोंबू लागतात. ते पाहून मुलाचे हात शिवशिवतात. "बिचाऱ्याला मदत करू या" म्हणून तो ते तुकडे ओढायला जातो.

माझे म्हणणे असे, की अशा वेळी हात मागे ठेवणे हीच खरी मदत आहे. ज्याला ते जमणार नाही, त्याने हा प्राणी पाळण्याच्या फंदात पडू नये.

मुळात कात का टाकली जाते, ते पाहू. सरड्याच्या त्वचेचा वरचा थर केराटिन या प्रथिनाचा असतो. आपली नखे याच जातीच्या प्रथिनाची असतात. हा थर मृत असतो; शरीर वाढले म्हणून तो वाढत नाही. अंड्यातून बाहेर पडणारे बोटाएवढे पिल्लू वर्षभरात कितीतरी पटींनी वाढते. साहजिकच त्याला अंगावरचा अंगरखा वारंवार बदलावा लागतो. लहान पिल्लू साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकते, तर मोठ्या प्राण्यात हे अंतर बरेच वाढते. जुन्या थराखाली नवा थर आधी पूर्ण तयार होतो आणि मगच जुना सुटू लागतो.

आता सांगा, नवा थर तयार होण्यापूर्वीच जुना ओढून काढला तर काय होईल? गुडघ्यावरची खपली तुम्ही कधी ना कधी वेळेआधी काढली असेलच. खालून रक्त येते आणि जखम पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. पिल्लाच्या बाबतीत तसेच घडते. डोळ्यांभोवतीची कात तर कधीही बोटाने किंवा चिमट्याने काढू नये.

तुम्ही म्हणाल, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने सरड्याच्या गोष्टीत नाक का खुपसावे? त्याला कारण आहे. कात सुखरूप सुटणे हा बराचसा हवेतील बाष्पाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या अभ्यासक्रमातला आहे!

आंघोळीनंतर नखे सहज कापली जातात, कारण पाणी शोषून केराटिन मऊ होते. कातीचेही तसेच. हवा दमट असेल तर ती मऊ राहते आणि सुटते. हवा कोरडी असेल तर ती कडक होऊन अंगालाच चिकटते. आता एक गणित करा. ० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम बाष्प मावते. २२ अंशांना सुमारे १९.४ ग्रॅम मावते. थंड देशात हिवाळ्यात बाहेरची हवा घरात येते आणि तापवली जाते. तिच्यातले बाष्प तेवढेच राहते. मावण्याची क्षमता मात्र चौपट होते. म्हणजे बाहेर १०० टक्के असलेली सापेक्ष आर्द्रता घरात २५ टक्क्यांवर येते. माणसाला घर उबदार वाटते, पण पिल्लाच्या दृष्टीने ते वाळवंट असते. त्यातच पिंजऱ्यावर ऊब देणारा दिवा असला, तर त्याखालची हवा आणखी कोरडी पडते.

म्हणून खरी शुश्रूषा आहे ती हवेची. पिंजऱ्यात आर्द्रतामापक असावा. सकाळ-संध्याकाळ पानांवर अगदी बारीक तुषार उडवावेत. थेट पिल्लाच्या तोंडावर फवारा मारू नये. या पाण्याचा दुसराही उपयोग होतो. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. मात्र दोन फवारण्यांच्या मधे पाने वाळली पाहिजेत आणि हवा खेळती राहिली पाहिजे. सतत ओल राहिली तर बुरशी वाढते आणि श्वसनाचे विकार जडतात. अंग घासायला खरखरीत सालीच्या फांद्या द्याव्यात. पिल्लाला हातात घेऊ नये. तेलही चोळू नये.

कात सुटल्यानंतर काम संपत नाही. उलट खरी पाहणी तेव्हाच करायची असते. शॅमेलिऑनच्या पायाची पाचही बोटे दोन आणि तीन अशा जुड्यांत जोडलेली असतात, त्यामुळे पाऊल चिमट्यासारखे दिसते. या बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला कातीचे कडे राहून जाण्याचा संभव असतो. ओले चामडे वाळताना कसे आवळत जाते, हे तुम्हाला माहीत आहे. हे कडेही तसेच आवळते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट किंवा शेपटीचे टोक गळून पडते. म्हणून पिल्लू फांदीवर असतानाच, त्याला न पकडता, भिंगातून पाहावे. कडे दिसले तर एक-दोन दिवस आर्द्रता थोडी वाढवून वाट पाहावी. तरीही सुटले नाही, किंवा बोट सुजलेले अथवा काळपट दिसले, तर तत्काळ पशुवैद्याकडे जावे. दर वेळी कात अडकत असेल, तर हवा, पाणी किंवा आहार यात काहीतरी चुकते आहे असे समजावे.

नव्या त्वचेला प्रकाशही हवा. सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांपर्यंत पोचते. वाढत्या पिल्लाला हे मिळाले नाही तर त्याची हाडे वाकतात. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण हे किरण काच जवळजवळ सगळे अडवते! म्हणून तिकडे यासाठी खास दिवे वापरतात. काही महिन्यांनी अशा दिव्यातले हे किरण क्षीण होतात, तरी दिवा डोळ्यांना पूर्वीइतकाच प्रखर दिसतो. केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही, ते असे.

हे सारे वाचून तुमच्या मनात येईल, आपणही कुंपणावरचा घोयरा पकडून आणावा आणि अशीच काळजी घ्यावी. तसे मुळीच करू नका. आपल्याकडचा घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत बदलणार नाही. झाडावरचा घोयरा ऊन हवे तेव्हा उन्हात येतो, नको तेव्हा पानांआड जातो, पहाटे दव चाटतो. हवामानाची निवड तो स्वतः करतो. पिंजऱ्यात टाकल्याबरोबर ही निवड आपण काढून घेतो आणि ऊन, दव, वारा, सावली यांची सगळी जबाबदारी आपल्या अंगावर येते. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यातही, आणि गावाला गेलो तरीही! प्रेम असले की सांभाळता येते, असे आपण समजतो. बाष्पाचे नियम प्रेमाने बदलत नाहीत.

त्यापेक्षा एक वही घ्या आणि बागेतला साधा सरडा दहा-बारा फुटांवरून पाहा. त्याची त्वचा कधी फिकी पडली, कात कोणत्या भागावर आधी फाटली, किती दिवसांत सुटली, हे लिहून ठेवा. जोडीला सावलीत दोन तापमापक टांगा, एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा आणि दोन्हींच्या अंशांतला फरक रोज टिपा. फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि घोयरा दिसला की विषारी किंवा अपशकुनी म्हणून कोणी दगड उचलला, तर त्याचा हात धरा. घोयरा विषारी नाही. जखमी घोयरा आढळला तर वनविभागाला कळवा.

निसर्गात मदत करण्याआधी पाहायला शिकावे लागते. ज्याने पुरेसे पाहिले आहे, त्यालाच हात कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा हे कळते.