चिन्ह अंगावर, विचार कुठे?

बंदुकीच्या नेमात धरलेला काळा माणूस हे अमेरिकेतील 'पब्लिक एनिमी' या कृष्णवर्णीय रॅप गटाचे बोधचिन्ह. वर्णद्वेषावरचे ते जळजळीत आरोपपत्रच! २०१८ साली न्यूयॉर्कच्या 'सुप्रीम' कंपनीने जपानच्या 'अंडरकव्हर'ला सोबत घेऊन या गटाच्या नावाचे महागडे कपडे बाजारात आणले. २०२० साली खुद्द 'सुप्रीम'च दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

कलावंताला त्याच्या कलेचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. प्रश्न आशयाचा आहे. बाजार विद्रोहाला विरोध करीत नाही. त्याची किंमत ठरवतो आणि धार काढून घेतो. 

अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या तरुणांनी केवळ नाव उचलले नाही, तर अन्यायाविरुद्ध ते रस्त्यावर उतरले. आज आपली मुले बाबासाहेबांची छबी असलेले टी-शर्ट अभिमानाने घालतात. जरूर घालावेत. मात्र छबी छातीवर आणि 'जातिसंस्थेचे उच्चाटन' न उघडता कपाटात, असे झाले तर प्रस्थापितांना त्या टी-शर्टची भीती कशाला वाटेल?