सही माय-बापाची, पण पाय लेकीचा!



पवनी तालुक्यातल्या आसगावात आपल्या समाजाचे एक मजूर कुटुंब सध्या मुंबईला जाण्याच्या तयारीत आहे. दहावीतल्या मुलीच्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सर निघाला. केमोचे पहिले डोस झाले, आता ऑपरेशन आहे. एक्स-रे, फाईल, रेशन कार्ड, आधार कार्ड सारे पिशवीत गेले आहे. राहिली होती एकच गोष्ट. मुलीला कोणी खरे सांगितलेच नव्हते. "पायातली गाठ काढतीन," एवढेच तिच्या कानावर होते. मायने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "तिले सांगावं का नाई जी?"

आम्ही म्हटले, सांगावे. आजच सांगावे. केस गळाले त्याच दिवशी पोरीला अर्धे समजले आहे. उरलेले अर्धे ती रात्री अंधारात एकटीच जुळवत पडते. खऱ्यापेक्षा हे मनातले भय मोठे असते.

काय सांगावे? आधी हे सांगावे की यात कोणाचा दोष नाही. या आजाराला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. हाडे झपाट्याने वाढतात त्या वयात, म्हणजे दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान, तो जास्त आढळतो आणि बहुधा गुडघ्याच्या वर-खाली होतो. पडल्याने, मार लागल्याने तो होत नाही. तो संसर्गाचा नाही. पूर्वजन्मीचे पाप, करणी, कोप यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलणेच शोभत नाही.

मग ऑपरेशनबद्दल सांगावे. पूर्वी असा आजार निघाला की पाय कापणे हाच एक मार्ग होता आणि नुसता पाय कापूनही बहुतेक रोगी वाचत नसत. १९७०च्या दशकापासून केमोथेरपीची जोड मिळाली आणि चित्र पालटले. रोग दुसरीकडे पसरला नसेल व उपचार पुरा केला तर आज निम्म्याहून अधिक मुले बरी होतात. पुष्कळ मुलांचा पायही वाचतो. रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. असे सांधे आता आपल्या देशातही तयार होतात. मात्र गाठीने मुख्य रक्तवाहिनी व नसा घेरल्या असतील तर पाय काढावा लागतो. पाय वाचवण्याच्या हट्टापायी रोग आत ठेवणे म्हणजे पाय राखून लेकरू गमावणे होय.

हे ऐकून एक नातेवाईक म्हणाले, "पायाविना पोरीला कोण पदरात घेईल?" आम्ही त्यांना विचारले, पोरगी जगली पाहिजे की खपली पाहिजे? शिकलेली पोरगी स्वतःच्या बळावर उभी राहते. कॅनडातल्या टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली याच आजारात गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. १९८० साली कृत्रिम पायावर त्याने कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धाव घेतली. पुढे रोग फुप्फुसात उलटला आणि १९८१ साली तो वारला, पण त्याच्या नावाने आजही देशोदेशी लोक धावतात. आणि आपला जयपूर फूट? तो डॉ. सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून घडला. ती भारतीय कारागिराची देणगी आहे.

कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीच्या कागदावर सही माय-बाप करतात. पण पाय तिचा आहे. तेव्हा एक वही तिच्या हाती द्या. तिचे प्रश्न तिने लिहावे आणि डॉक्टरांसमोर तिनेच वाचावे. पाय वाचेल काय? गुडघा किती वाकेल? शाळेत केव्हा जाता येईल? पुढे किती केमो? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. ऑपरेशन झाले की काम झाले असे समजून कित्येक जण उपचार अर्धवट सोडून गावी परततात. ऑपरेशननंतरची केमो चुकवली तर रोग परतण्याचा धोका वाढतो.

आता खर्चाचे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा समावेश आहे. भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपरचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला मात्र हवा. भंडारा रोडवरून विदर्भ एक्सप्रेस थेट दादरला नेते. तिथून परळचे टाटा रुग्णालय जवळ आहे. ते १९४१ पासून रुग्णसेवा करीत आहे. दादरलाच गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांना व नातलगांना आसरा देते. बाबासाहेबांना ज्यांच्याबद्दल नितांत आदर होता, त्या गाडगेबाबांचे काम असे आजही चालू आहे.

पण धाकट्या भावंडांना कोण पाहील? धानाच्या रोवणीची बुडालेली मजुरी कोण भरून देईल? शाळेतल्या नोट्स कोण उतरवून पाठवेल? हे विहाराचे काम आहे. महावग्गात कथा आहे. आजारी भिक्खू मलमूत्रात पडलेला पाहून तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले आणि इतर भिक्खूंना एकमेकांची सेवा करण्यास बजावले. तेव्हा रविवारच्या वंदनेनंतर वही काढा. कोणाचा कोणता आठवडा, ते नावानिशी लिहा. हळहळ करायला गर्दी नको, पाळी करायला चार माणसे हवीत.

आणि प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे. वाढत्या मुलाचा गुडघा दोन-तीन आठवडे दुखत असेल, रात्री दुखणे वाढत असेल, सूज दिसत असेल तर तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढा. शंका निघालीच तर गाठीचा तुकडाही वाटेल तिथे काढू देऊ नका. पुढे जिथे ऑपरेशन व्हायचे तिथेच तो काढावा, नाहीतर पाय वाचवणे कठीण होऊ शकते.

लेकराशी खरे बोला, वेळेवर बोला. खरे ऐकून आमच्या पोरी मोडत नाहीत.

जय भीम!