सौध उभा राहिला, गावे तिथेच राहिली

दरवर्षी डिसेंबर जवळ आला की हलगा-बस्तवाडच्या बाजूला एकच धावपळ उडते. रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो, शहरातील हॉटेलांच्या खोल्या सरकारी पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या जातात. मंत्री, आमदार, सचिव आणि त्यांचा लवाजमा येतो. आठ-दहा दिवस भाषणे होतात, सभात्याग होतात आणि मग सगळी मंडळी बेंगळूरचा रस्ता धरतात. सुवर्ण विधानसौध पुन्हा वर्षभर सुस्त पडून राहतो.

११ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यावेळचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते या सौधाचे उद्घाटन झाले. खर्च चारशे कोटींच्या घरात गेला. शंभराहून अधिक एकर जागा, दोन्ही सभागृहे, मंत्र्यांची दालने असा सगळा थाट. २०१९ आणि २०२० ही दोन वर्षे तर येथे अधिवेशनच भरले नाही. २०२२ साली सौधासमोरच्या फरसबंदीवर एका मजूर बाईने उन्हात शेवया वाळत घातल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! तिला कामावरून काढण्यापर्यंत मजल गेली. आम्हाला मात्र तेव्हाच वाटले होते की, या वास्तूचा वर्षाचे अकरा महिने कोणाला तरी उपयोग झाला असेल, तर तो त्या बाईलाच.

ही इमारत मुळात बांधली कशासाठी? उत्तर कर्नाटकाचा विकास, असे उत्तर मिळते. पण तारखा वेगळे बोलतात. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २००६ साली बेळगावात पहिले अधिवेशन भरले, तेही एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. तरीही सहा वर्षांत हा महाल उभा राहिला. दावा न्यायालयात असलेल्या जमिनीवर दगडाची मोहोर उठवण्याचा तो खटाटोप होता, हे सीमाभागातील शेंबड्या पोरालाही कळते. मोहोर उठवायची हौस सरकारची आणि पैसा मात्र जनतेचा. तो जसा मराठी माणसाचा, तसाच कन्नड माणसाचाही.

आता या सौधापासून खानापूर तालुक्याकडे चला. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांना पावसाळ्यात आजही जगाचा रस्ता नसतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला लाकडाच्या डोलीवरून, चिखल तुडवत काही किलोमीटर खाली आणावे लागले. रस्ता मागितला की जंगल खात्याचा नियम आडवा येतो. नियम खरा असेल. पण ज्या सरकारला शेकडो कोटींचा महाल बांधताना एकही अडचण आडवी आली नाही, त्याला एका साकवाची परवानगी काढता येऊ नये?

शाळांचे तेच. गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळांत एकाच मास्तराने दोन-तीन वर्ग सांभाळायचे, पावसात कौलातून पाणी गळू लागले की मुलांना एका कोपऱ्यात सरकवायचे, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. तुमचीच पोरे त्या वर्गात बसतात. घटनेचे ३५० अ कलम सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय राज्याने करावी. पंधरा टक्के लोक दुसरी भाषा बोलणारे असतील तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतूनही द्याव्यात, हे संरक्षण १९५६ पासून कागदावर आहे. मराठीतून उतारा, मराठीतून नोटीस द्यायला किती खर्च येतो? एक भाषांतरकार आणि चार रिमे कागद. चारशे कोटी ज्यांना सापडले, त्यांना हे सापडत नाही.

काही मंडळी म्हणतील, मराठी लोकांना सौध खुपतो तो कन्नडद्वेषापोटी. हा आरोप आम्हाला मान्य नाही. २०१३ साली येथेच अधिवेशन चालू असताना ऊसदराच्या आंदोलनात रायबाग तालुक्यातील एका शेतकऱ्याने विष घेऊन जीव दिला. त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात हे विचारण्यात काय अर्थ? उसाला भाषा नसते आणि कर्जालाही नसते. आजही अधिवेशनाच्या काळात न्याय मागायला येणाऱ्यांना सौधाच्या पायऱ्यांवर नव्हे, दूर मांडवात बसवले जाते. त्या मांडवात कन्नड शेतकरी असतो, अंगणवाडी सेविका असते, बिनपगारी शिक्षक असतो. मराठी माणसाच्या महामेळाव्याला तर परवानगीच नाकारली जाते. दार सगळ्यांनाच बंद आहे. आम्हाला जरा जास्त बंद आहे, एवढाच फरक.

आणि महाराष्ट्राकडे पाहून आम्ही डोळे झाकतो, असेही नाही. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी नागपुरात अधिवेशन भरते. म्हणून विदर्भातील शेतकऱ्याच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. जत तालुक्यातील चाळीस गावांना पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा करावी लागली, ती मुंबईच्या नाकर्तेपणामुळेच. सरकार कोणतेही असो, इमारत बांधणे सोपे. पाणी पोचवणे अवघड.

याच बेळगावात १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. टिळकवाडीच्या माळावर तंबू पडले. पाण्याची सोय म्हणून यजमान गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विहीर खोदली. तंबू उठले, पुढारी गेले, विहीर राहिली. ती काँग्रेस विहीर आजही तेथे आहे आणि तिच्या पाण्याने पुढे अनेक उन्हाळ्यांत शहराची तहान भागवली. एका अधिवेशनाने मागे पाणी ठेवले, दुसऱ्याने मागे सौध ठेवला. शंभर वर्षांत राज्यकर्त्यांची अक्कल कोणत्या दिशेने गेली, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

झाले ते झाले. बांधलेली इमारत पाडा, असे आम्ही म्हणणार नाही. पण यापुढे त्या आवारात नवे बांधकाम, नवी सजावट, नवे विश्रामगृह नको. बेंगळूरची खाती येथे हलवण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या. त्या एक तर पाळा, नाही तर रिकामी दालने लोकांच्या कामाला द्या. तेथेच अल्पसंख्याक भाषांचा कक्ष उघडा आणि मराठी उताऱ्याचा अर्ज तेथे घ्या.

वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. पुढची ग्रामसभा होईल तेव्हा घरी बसू नका. शाळेचे छप्पर, ओढ्यावरचा साकव, मराठी कागदपत्रे, या तीन गोष्टींचा ठराव करा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल आपल्या आमदाराच्या हातात डिसेंबरपूर्वी ठेवा. शेजारच्या कन्नड गावालाही तसाच ठराव करायला सांगा. मग तो आमदार सौधात बसून काय बोलतो, ते आपण सारे मिळून ऐकू.