‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे, बॉस!

पगारवाढ झाली, फ्लॅटचा ताबा मिळाला, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘बे, पाचशे वॅटचा क्लास डी घेऊ का? एवढुसा डबा आहे, पण जाम वाजतो म्हणे!’ सोलापुरातल्या मित्रमंडळींचा हा प्रश्न अलीकडे इतक्यांदा कानावर येतोय, की म्हटलं या वेळी त्याचाच निकाल लावू.

सुरुवात नावापासून. क्लास डी म्हणजे डिजिटल असं दुकानातला सेल्समन छातीठोकपणे सांगतो. तसं काही नाही. ए, बी, सी ही नावं आधीच्या प्रकारांनी घेतली होती, म्हणून पुढचं अक्षर डी. बस्स!

फंडा साधा आहे. आपल्या वडिलांच्या पिढीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर नळासारखा चालतो. ट्रान्झिस्टर कधी पाव उघडा, कधी अर्धा. जी वीज स्पीकरपर्यंत पोचत नाही, तिची नुसती उष्णता होते. क्लास डीमधला ट्रान्झिस्टर म्हणजे बटण. एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद, आणि हे सेकंदाला चार-पाच लाख वेळा. गाण्याच्या चढउतारानुसार ‘चालू’चा वेळ कमी-जास्त होतो. शेवटी एक कॉइल आणि कपॅसिटर ही टकटक गाळून टाकतात आणि उरतं ते गाणं. पूर्ण आवाजावर क्लास डी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामाला लावतो. एबीची कागदावरची कमाल मर्यादाच साडेअठ्ठ्याहत्तर टक्के, आणि रोजच्या हळू आवाजात तर तो त्याच्या कितीतरी खाली असतो.

आता हे पुण्या-मुंबईच्या एसी दिवाणखान्यात फारसं जाणवणार नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या दुपारी जुळे सोलापुरातल्या वरच्या मजल्यावर, शोकेसच्या काचेआड तापणारा ॲम्प ठेवून बघा. माझ्या मते आपल्या गावासाठी क्लास डीचा खरा प्लस पॉइंट हाच. आवाजातली जादूबिदू नंतर.

कल्पना नवी नाही हं. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ मध्येच असा ‘एक्स-१०’ किट बाजारात आणला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने चालू-बंद होण्याच्या लायकीचे नव्हते. पुढे १९७०च्या दशकात सोनीने ‘टीए-एन८८’ काढून बघितला. खरी गाडी रुळावर आली ती वेगवान मॉसफेट आणि एका चिपवर मावणारी सर्किटं आल्यावर. आज मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींमागे हेच तंत्र असतं आणि तुमच्या ब्लूटूथ स्पीकरमध्येही हेच.

मग वॅट किती हवेत? इथेच सगळे गंडतात. साधारण बुकशेल्फ स्पीकर एका वॅटमध्ये, एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो. दहा बाय बाराच्या खोलीत अडीच मीटरवर बसलात, तर तोच आवाज ८० च्या आसपास. म्हणजे रोजचं ऐकणं एका वॅटच्या आत उरकतं! तबल्याची थाप, ढोलाचा ठोका अशा क्षणिक उसळ्यांसाठी दहा-वीस वॅट लागतील. आणि ५० चे १०० वॅट केले, तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला जेमतेम कळेल एवढा. शेजाऱ्यांचंही गणित लक्षात ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. पाचशे वॅट घेऊन ते वाजवणार कुठे?

तरीही खोक्यावर ‘३०० वॅट गुणिले दोन’ छापलेलं असतंच. तेव्हा ॲडॅप्टर उलटा करून वाचा. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिलंय? गुणाकार १६० वॅट. दोन्ही चॅनल मिळून सलग त्याच्यावर एक वॅटही निघणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय तो मोठा आकडा बहुधा १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेला असतो, म्हणजे आवाज फाटायला लागल्यानंतरचा. तुम्ही १ टक्का किंवा त्याहून कमी डिस्टॉर्शनचा आकडा मागा. तेवढ्याच आपुलकीने ॲडॅप्टरवरचा बीआयएस नोंदणी क्रमांकही तपासा, कारण आपल्याकडची वीज रागाला आली की पहिला बळी त्याचाच. आणि जास्त पॉवरच्या मोहात २४ व्होल्टच्या ॲम्पला ४८ व्होल्टचा ॲडॅप्टर लावू नका, धूर निघेल.

स्पीकरशी जमणं ही वेगळी भानगड. स्वस्त क्लास डीमध्ये तो शेवटचा गाळणारा फिल्टर ठरावीक ओहम गृहीत धरून बसवलेला असतो. स्पीकर ४ ओहमचा की ८ चा, यावर वरचे सूर थोडे दबतात किंवा टोचतात. फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणारं मॉडेल (जाहिरातीत ‘पीएफएफबी’ लिहितात) थोडं महाग पडतं, पण माझं मत विचाराल तर जादा पैसे इथे टाका, वॅटवर नको. दुकानात गाणं बंद करा, आवाज निम्म्यावर न्या आणि ट्विटरला कान लावा. बसल्या जागेवरूनही सूं-सूं ऐकू आली, तर तो डबा परत ठेवा. तानपुऱ्यामागे ती रात्रभर छळेल.

आणि हे मात्र गाठीला बांधून ठेवा. बहुतेक क्लास डी ॲम्पमध्ये स्पीकरची काळी वायर म्हणजे अर्थ नव्हे, तिच्यातही सिग्नल असतो. दोन्ही काळ्या वायरी एकत्र पिळून जोडायची आपल्या मेकॅनिक काकांची जुनी सवय इथे चिप उडवू शकते. ‘काका, चारही वायरी वेगळ्याच ठेवा,’ असं तोंडावर सांगा, रागावले तरी चालेल.

बजेट पंधरा हजार असेल, तर दहा स्पीकरला, पाच ॲम्पला. घरी चालू स्थितीतला जुना एबी असेल, तर सगळे पंधरा स्पीकरला. नव्या फ्लॅटच्या बोडक्या भिंतींवर टाळीचा आवाज घुमतोय? स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून थोडी सुटी टांगा. वरच्या सुरांचा कलकलाट कमी होतो. बेसचं तिला काही करता येत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढावे लागतील, मग घरच्यांनी कितीही नाकं मुरडली तरी.