आजारपणाच्या यंत्रांचं वजनमाप



एप्रिल २०२१. आमच्या नाशिकमध्ये तेव्हा फोनवर पहिला प्रश्न असायचा, "ऑक्सिजन किती?" हिचं बोट आमच्या ऑक्सिमीटरमध्ये घातलं तर ९६, शेजाऱ्यांच्या यंत्रात ९२! ९४च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, असं सांगितलेलं. आता खरं कुठलं मानायचं? ती रात्र आम्ही जागून काढली. हिला पुढे बरं वाटलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

वाण्याच्या वजनावर सरकारी शिक्का असतो. मग प्रकाशावर चालणारी यंत्रं कशावर तोलायची?

माझी भाची याच क्षेत्रात आहे. तिने सांगितलं, त्यासाठी शरीरातल्या ऊतींसारखा नकली ठोकळा बनवतात. त्याला म्हणतात फँटम. त्यातली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड प्रकाश विखुरते, काजळी किंवा काळी शाई तो शोषते. दोन्हींचं प्रमाण जमलं, की प्रकाशाच्या दृष्टीने ठोकळा मांसासारखा वागतो. जिलेटिनचा ठोकळा स्वस्तात होतो, पण काही दिवसांत सुकतो, त्याला बुरशी येते. सिलिकॉन किंवा इपॉक्सी राळेचा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो.

मला वाटतं, खरी किंमत या टिकण्याला आहे. माप रोज बदललं, तर चूक यंत्राची की मापाची, हे कसं कळणार? टिकाऊ ठोकळा आज मुंबईत, उद्या नाशकात नेऊन दोन्हीकडची यंत्रं ताडून पाहता येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच वापरता येतो.

आता कोणी म्हणेल, सिलिकॉनमध्ये ना रक्त ना नाडी! खरं आहे. ऑक्सिमीटरची शेवटची परीक्षा जिवंत माणसावरच होते. पण म्हणून रोजची चाचणी सोडायची का? वार्षिक परीक्षा असली तरी आम्ही शाळेत घटक चाचणी घ्यायचोच की!

आणखी एक. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आपल्याकडे तर एका घरात गव्हाळ, सावळी, काळी अशी सगळी माणसं! म्हणून हे ठोकळे आपल्या सगळ्या वर्णांचे बनावेत, आणि परदेशी यंत्र विकत घेण्याआधी त्यांच्यावर तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं, ते जरूर कळवा.