'वय झालं' म्हणे!

"चक्कर येते? आजी, वय झालं आता!" हे ऐकून मी विटले आहे. मला स्क्लेरोडर्मा आहे. कातडी कडक झाली आहे, पाचगणीच्या थंडीत बोटं पांढरीफटक पडतात. ते डॉक्टर बघतात. पण हा आजार बारीक रक्तवाहिन्याही अरुंद करतो, आणि आतला कान अशाच एका बारीकशा रोहिणीवर अवलंबून असतो. ऐकणं तिथलं, तोलही तिथलाच. काही रुग्णांत दोन्ही बिघडतात, हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. मग कान तपासायला का सांगत नाहीत? २०१६चा दिव्यांग कायदाही दोन्ही कानांत ६० डेसिबल घट झाल्याशिवाय श्रवणदोष मानत नाही. तोवर बाजाराच्या उतारावर मी भिंती धरत चालायचं! पुढच्या खेपेला ऑडिओमेट्रीची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी दवाखान्यातून उठणार नाही.