सैल अंगांतलें सामर्थ्य

बल आणि शक्ति हे दोन शब्द आपण बोलण्याच्या ओघांत एकाच अर्थानें योजतों, आणि नित्याच्या व्यवहारांत त्यामुळें कांहीं अडतही नाहीं. चिनी मुष्टिविद्येच्या आचार्यांचें मात्र अशानें पदोपदीं अडलें असतें. त्यांच्या शास्त्राचा आरंभच मुळीं दोन शब्दांच्या भेदापासून होतो. 'ली' म्हणजे स्नायूंचें साधें, उपजत बळ. ओझें उचलणाऱ्याच्या दंडांत दिसतें तें. 'जिन' म्हणजे संस्कार केलेलें, सर्वांगांतून वाहत येऊन एका ठिकाणीं प्रकट होणारें बळ. ताइ ची ह्या नांवानें जी व्यायामपद्धति आज जगभर पसरली आहे, तिची साधना मुख्यतः पहिल्यापासून दुसरें कसें घडवावें ह्याचीच आहे.

ह्या दोन शब्दांचीं चिनी अक्षरेंही पाहण्यासारखीं आहेत. 'जिन'च्या अक्षरांत उजवीकडे 'ली'चेंच चिन्ह बसविलेलें आहे. डावीकडचें चिन्ह मागावरील उभ्या धाग्यांचें, म्हणजे ताण्याचें, चित्र असावें असें अक्षरविद्येचे जाणकार मानितात. तें तेथें मुख्यतः उच्चार दाखविण्यासाठीं आहे हें खरें. परंतु तेंच चिन्ह ज्यांत आहे त्या 'जिंग' ह्या दुसऱ्या शब्दानें चिनी भाषांतरकारांनीं बौद्ध ग्रंथांच्या नांवांतील आपला 'सूत्र' शब्द उतरविला आहे. संस्कृताच्या अभ्यासकास ह्या योगाचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. सुटे मणी आणि ओवलेली माळ ह्यांत जो भेद, तोच 'ली' आणि 'जिन' ह्यांत आहे. मणी तेच, मध्यें दोरा आला एवढेंच.

जातां जातां आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. 'ताइ ची'मधील 'ची' म्हणजे प्राण, असें पुष्कळांस वाटतें. ते दोन निराळे शब्द आहेत. प्राणवाचक शब्द वेगळा. ह्या नांवांतील पदाचा अर्थ 'सीमा' किंवा 'टोक' असा असून, संपूर्ण शब्दाचा अर्थ 'परम सीमा' असा होतो. ज्यांतून स्थिति आणि गति, कठोर आणि मृदु हीं द्वंद्वें निघतात, त्या मूलतत्त्वाची ती तात्त्विक संज्ञा आहे.

ह्या विद्येच्या उगमाविषयीं दंतकथा अनेक आहेत. कागदोपत्रीं तिचा माग चीनच्या हनान प्रांतांतील वेन तालुक्यांत असलेल्या चेन कुळाच्या गांवापर्यंत लागतो. १७ व्या शतकांत त्या कुळांतील चेन वांगथिंग नांवाच्या योद्ध्यानें तिचा पाया घातला असें सामान्यतः मानितात. १९ व्या शतकांत यांग लुचान (१७९९–१८७२) हा कुळाबाहेरचा शिष्य ती शिकला व पेकिंग येथें घेऊन गेला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) ह्यानें तिला संथ, एकसारख्या गतीचें व मोकळ्या हातवाऱ्यांचें रूप देऊन तिचा मोठा प्रसार केला. १९५६ सालीं चीनच्या सरकारी क्रीडा-विभागानें त्याच यांग पद्धतीवरून २४ आकृतींचा सोपा क्रम बसविला; आणि २०२० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत ह्या विद्येची नोंद केली.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हें आंतरिक म्हणविलें जाणारें बळ येतें कोठून?

पहिलें उत्तर असें कीं, तें जमिनींतून येतें. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. निसरड्या फरशीवर उभें राहून जड कपाट ढकलूं लागलें, तर कपाट न हलतां आपणच मागें सरकतों. आपण जमीन जितकी मागें रेटतों, तितकीच जमीन आपणांस पुढें रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेंतील मुलांसही पाठ असतो. दंडांतलें बळ कितीही असलें तरी पायांखालीं आधार नसेल तर तें निष्फळ होतें. म्हणून ताइ चीचा साधक हातानें ढकलीत नाहीं. तो पायानें जमीन दाबतो, आणि तो दाब गुडघा, कटि, पाठ, खांदा, कोपर ह्या क्रमानें तळहातापर्यंत पोंचूं देतो. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या जाणत्या बाईकडे पाहावें. नवशिकी मुलगी मनगटानें वाटते आणि थोड्याच वेळांत थकते. जाणती बाई सबंध अंगाचा भार कमरेंतून पुढें सोडते, आणि तिचे हात वरवंट्याला केवळ वाट दाखवितात.

दुसरें उत्तर असें कीं, हें बळ सैलपणांतून येतें. येथेंच बहुतेकांची बुद्धि अडखळते; कारण जोर करावयाचा म्हणजे अंग ताठ करावयाचें, हा संस्कार आपणांस लहानपणापासून असतो. परंतु शरीराची रचना पाहा. हात लांब करणारा स्नायु दंडाच्या मागें आहे, तर तो आंखडणारा पुढें. दोन्ही एकदम ताठले म्हणजे ते एकमेकांशींच झगडतात, आणि बाहेर पडतें तें केवळ उरलेलें बळ. शिवाय ताठलेला सांधा पाठीमागून आलेला वेग पुढें जाऊं देत नाहीं. ही अडवणूक नाहींशी करणें ह्यासच तिकडे 'सुंग' म्हणतात. जुन्या लिपींतील त्या अक्षराच्या डोक्यावर केसांचें चिन्ह आहे. घट्ट बांधलेला अंबाडा सोडावा तसें अंग सोडावयाचें, असा त्याचा भाव आम्ही घेतों.

मात्र सैल म्हणजे गळून गेलेलें नव्हे. मस्तक वरून कोणी अलगद धरल्याप्रमाणें सरळ, खांदे उतरलेले, कोपरें जड, छाती न फुगविलेली, पाठीचा कणा लांबलेला, आणि गुडघा पावलाच्या रोखानें, अशी बैठक साधली म्हणजे देहाचा भार हाडांच्या सांगाड्यावरून खालीं उतरतो व स्नायूंस विनाकारण राबावें लागत नाहीं. अशा देहास बाहेरून दाबलें असतां हवा भरलेल्या चेंडूप्रमाणें चहूंकडून मंद प्रतिकार जाणवतो. ह्या गुणास 'पंग' म्हणतात, आणि ह्या विद्येंतील आठ मूळ शक्तींत त्याची गणना पहिली होते.

तिसरें उत्तर कटिप्रदेशाचें. नाभीच्या खालीं पोटाच्या आंत एक स्थान कल्पून त्यास 'दान्त्यान' म्हणतात आणि सर्व हालचाल तेथून निघावी असें सांगतात. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्यही साधारणतः ह्याच पातळीवर, ओटीपोटांत असतो. शरीरांतील मोठे स्नायु मांड्यांचे व नितंबांचे. त्यांचें बळ वर पोंचवावयाचें तर कमरेवांचून दुसरा रस्ता नाहीं. कंबर वळली कीं हात आपोआप वळतो. चेन घराण्याच्या पद्धतींत ह्या वळण्यास रेशमाचा धागा कोशावरून उलगडण्याची उपमा देतात. धागा झटक्यानें ओढला तर तुटतो, थांबला तर गुंततो. एकसारख्या, पिळदार गतीनेंच तो निघतो.

ही विद्या अंगीं बाणविण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम नुसतें उभें राहणें. झाडास मिठी मारल्यासारखे हात गोल धरून, गुडघे किंचित् वाकवून, कांहीं मिनिटें स्थिर राहावयाचें. पाहणारास हा आळस वाटेल. करणारास दोन मिनिटांत कळतें कीं आपले खांदे, जबडा, कपाळ हीं सारीं विनाकारण ताणलेलीं होतीं. त्यानंतर संथ आकृति. त्या संथ कां, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. उत्तर साधें आहे. वेगांत दोष झांकले जातात. वळणदार अक्षर काढावयास शिकविणारा शिक्षक मुलास भरभर लिहूं देत नाहीं, त्याचें कारण हेंच. कोठें तोल सुटला, कोठें खांदा मध्येंच उचलला, हें संथ गतींतच उघडें पडतें; आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्यास जेव्हां पुष्कळ क्षण लागतात, तेव्हां मांड्यांसही पुरेसें काम पडतें.

तिसरी पायरी दोघांची. समोरासमोर उभें राहून, मनगटास मनगट लावून, एकमेकांचा तोल हळूच चांचपावयाचा. ह्यास 'हात ढकलणें' असें नांव असलें तरी खरें शिक्षण ढकलण्याचें नसून ऐकण्याचें आहे. त्वचेनें ऐकण्यास त्यांच्याकडे स्वतंत्र संज्ञाच आहे. समोरच्याचा जोर कोठून निघाला व कोठें संपणार, हें स्पर्शानें कळलें म्हणजे त्याच्या वाटेंतून किंचित् बाजूला होऊन तो वायां घालवितां येतो. ताठ हातास हें ऐकूं येत नाहीं, कारण तो स्वतःच्याच आवाजानें बधिर झालेला असतो. सर्वांत शेवटीं, सांठविलेलें बळ एका क्षणांत बाहेर टाकण्याचा अभ्यास येतो. लांब काठी हादरवीत तिच्या टोकापर्यंत वेग पोंचविण्याची कसरत त्यासाठींच करतात.

येथें स्पष्ट बोलणें आवश्यक आहे. ह्या विद्येच्या नांवावर अद्भुत गोष्टी दाखविणारे लोक आहेत. गुरूनें लांबून हात हलविला आणि शिष्य कोलमडून पडले, असे देखावे आज चलच्चित्रांतून घरोघरीं पोंचतात. ते शिष्य लबाडच असतात असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षानुवर्षें गुरूच्या इशाऱ्यावर पडण्याची संवय झाली म्हणजे भक्तीनेंही माणूस पडतो. परंतु जो भक्त नाहीं तो पडत नाहीं. २०१७ सालच्या एप्रिलमध्यें चीनच्या चेंगडू शहरांत, स्वतःस ताइ चीचा आचार्य म्हणविणाऱ्या एका गृहस्थाचा शू शियाओदोंग ह्या मुष्टियोद्ध्यानें अर्ध्या मिनिटाच्या आंत पराभव केला, आणि त्यावरून त्या देशांत मोठें वादळ उठलें. त्या सामन्यानें ताइ ची खोटी ठरली नाहीं. ज्यानें झुंजीचा सराव केला नाहीं त्याला झुंज देतां येत नाहीं, एवढेंच ठरलें.

मग प्राणाच्या गोष्टी सर्वस्वी टाकाऊ समजाव्या काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पाणिनीच्या व्याकरणांत 'वृद्धि' ही आ, ऐ, औ ह्या स्वरांची संज्ञा आहे. तिचा लौकिक अर्थ घेऊन कोणी स्वर वाढण्याची वाट पाहत बसला तर तो हास्यास्पद होईल. पण संज्ञेवांचून व्याकरण चालणारही नाहीं. 'प्राण नाभीखालीं उतरवा' असें आचार्य सांगतो, तेव्हां श्वास छातींतून पोटाकडे जातो, खांदे उतरतात, लक्ष खालीं येतें आणि पाय स्थिर होतात. चार सूचनांचें काम एका शब्दानें झालें. संज्ञा म्हणून तो शब्द उपयोगी आहे. संज्ञेस वस्तु मानून तिच्या बळावर भिंती पाडूं पाहणारा मात्र फसतो, आणि इतरांसही फसवितो.

ह्या विषयाचा आपल्या घरांशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो फार जवळचा वाटतो. ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलीं माणसें आहेत, तेथें शत्रु बाहेर नसतो. तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आणि उंबरठ्यापाशीं असतो. एकदां खुब्याचें हाड मोडलें कीं त्या माणसाचा, आणि त्याच्याबरोबर साऱ्या घराचा, दिनक्रमच मोडतो. १९९६ सालीं अमेरिकेंतील अटलांटा येथें ७० वर्षें व त्यांपुढील २०० माणसांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १५ आठवडे ताइ ची शिकलेल्या गटांत वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानें कमी झाल्याचें आढळलें. २०१२ सालीं ऑरेगन संस्थानांतील कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील प्रयोगांतही तोल सांवरण्यांत ती उपयोगी ठरली. उलट २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अधिक अशक्त वृद्धांवरील प्रयोगांत लाभ इतका निःसंशय दिसला नाहीं. म्हणजे अंगीं थोडी शक्ति शिल्लक आहे तोंवरच आरंभ करणें शहाणपणाचें.

ह्या लाभाचें कारण वर सांगितलेल्या गोष्टींतच आहे. जें बळ प्रतिपक्ष्यास उलथवितें, तेंच घसरलेलें पाऊल सांवरतें. घसरतांना जो घाबरून ताठ होतो तो ओंडक्यासारखा पडतो. ज्याचे सांधे सैल, लक्ष तळपायांत आणि कंबर वळती, त्यास दुसरें पाऊल टाकण्यास अवसर मिळतो.

ज्यांस शिकविणारा जवळ नाहीं त्यांनीं निदान एवढें करावें. खुर्चीची पाठ हाताशीं ठेवून उभें राहावें, खांदे सोडावे, अंगाचा सगळा भार सावकाश डाव्या पायावर न्यावा, उजवें पाऊल रिकामें झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि तसाच भार परत आणावा. प्रत्येक वेळीं मनांत दहा अंक मोजावे. गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येत असेल तर आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि शिकविणारा स्पर्शावांचून माणसें पाडण्याच्या गोष्टी सांगूं लागला तर त्याचा नमस्कार करून निरोप घ्यावा. सकाळीं दहा मिनिटें पुरेत. परंतु तीं रोज व्हावीं.